आधी इंधन, मग बॉयलर : शेतातल्या काडीकचऱ्यावर कारखाना चालवायची तयारी

कारखाना काडीकचऱ्यावर चालवायचा असं ठरलं की पहिला फोन बहुधा बॉयलर विकणाऱ्याला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी करावा. फर्नेस ऑइल किंवा गॅस वर्षभर एकसारखा मिळतो, त्यामुळे तिथे यंत्र आधी निवडलं तरी खपून जातं. पिकांच्या अवशेषांचं तसं नसतं. भाताचं तूस आणि कपाशीची पऱ्हाटी बाजारात 'बायोमास' या एकाच नावाने विकली जातात. तुसाची राख मात्र पऱ्हाटीच्या तिप्पट-चौपट असते आणि भट्टीत ती वागतेही वेगळी. एकासाठी बांधलेल्या भट्टीत दुसरं घातलं की ती रडतखडत चालते.

हे मार्गदर्शन मुख्यतः वाफ, गरम तेल किंवा गरम हवा लागणाऱ्या कारखान्यांसाठी आहे : कापड रंगाई, खाद्यप्रक्रिया, दूध, कागद, औषधं, रसायनं. साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता बॉयलर आणि थर्मिक फ्लुइड (गरम तेलाच्या) हीटरमधून आरामात मिळते. सिमेंटच्या कारखान्यात हे अवशेष कोळशासोबत कॅल्सायनरमध्ये (चुनखडी भाजायच्या भट्टीत) जाळता येतात आणि त्यांची राख क्लिंकरमध्येच (सिमेंटच्या दळायच्या आधीच्या भाजलेल्या मालातच) मुरते. काच किंवा पोलाद वितळवायचं असेल तर नुसता काडीकचरा पुरत नाही.

पायरी १ : वाफ खरी किती लागते ते मोजा

बॉयलरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता आणि रोजचा वापर यांत बरंच अंतर असतं. फीड वॉटरच्या, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या, लाइनवर मीटर बसवा आणि किमान दोन आठवडे तासागणिक नोंद ठेवा. सरासरीपेक्षा चढउतार महत्त्वाचे असतात. गॅसचा बर्नर क्षणात कमी-जास्त होतो. भट्टीतल्या जाळीवर पडलेला काडीकचरा मात्र पडला की जळणारच. रंगाईची चार भांडी एकाच वेळी वाफ ओढत असतील तर त्यांच्या वेळा पुढे-मागे करा, किंवा जादा वाफ साठवणारी टाकी, म्हणजे स्टीम अ‍ॅक्युम्युलेटर बसवा.

त्याच सुमारास गळके स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदला आणि कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, परत टाकीत आणा. फीड वॉटर ६ अंशांनी गरम झालं की इंधन साधारण १ टक्का वाचतं. ही बचत नव्या बॉयलरपेक्षा कितीतरी स्वस्तात पडते आणि पुढचं सगळंच लहान होतं : यंत्र, आवार, ट्रकच्या खेपा.

आता हिशेब. तासाला २ टन वाफ, दाब १० बार, फीड वॉटर ६० अंश. या दाबाच्या एक किलो वाफेत सुमारे ६६४ किलोकॅलरी असतात. त्यातल्या ६० पाण्यासोबतच येतात, म्हणजे प्रत्येक किलोमागे ६०४ द्याव्या लागतात. तासाला झाल्या साधारण १२ लाख. बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के आणि ब्रिकेटचा, म्हणजे काडीकचरा दाबून बनवलेल्या कांड्यांचा, उष्मांक (जळून मिळणारी उष्णता) किलोला ३,८०० किलोकॅलरी धरला तर तासाला सुमारे ४२५ किलो ब्रिकेट लागतील. दिवसाचे १६ तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर महिन्याला १७० टन. हा आकडा हाती ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

इथे एक खाचखळगा आहे. उष्मांक दोन प्रकारे सांगतात, स्थूल आणि निव्वळ. धुराड्यातून वाफ होऊन निघून जाणाऱ्या पाण्याची उष्णता स्थूल आकड्यात धरलेली असते, निव्वळ आकड्यात नसते. एकच बॉयलर स्थूल हिशेबाने ७५ टक्के आणि निव्वळ हिशेबाने ८२ टक्क्यांच्या घरात दिसतो. विक्रेता दुसरा आकडा सांगतो, प्रयोगशाळा पहिला देते, आणि आपण दोन्ही एका गणितात घालून इंधन कमी धरून बसतो. कोटेशनवर कोणता आधार धरला आहे ते लेखी घ्या.

पायरी २ : कोणतं अवशेष, आणि त्याची राख कशी

हवेत वाळलेल्या मालाचे हे ढोबळ आकडे आहेत, उष्मांक दर किलोचा. प्रत्यक्ष खरेदीआधी आपल्या मालाची चाचणी करावीच लागते.

- पऱ्हाटी : सुमारे ४,००० किलोकॅलरी, राख ३ ते ६ टक्के
- भुईमुगाची टरफलं : ४,००० ते ४,४००, राख २ ते ५ टक्के
- दाणे काढलेली मक्याची कणसं : सुमारे ४,०००, राख १ ते ३ टक्के
- गव्हाचं काड : ३,८०० ते ४,०००, राख ५ ते ८ टक्के
- भाताचं तूस : ३,००० ते ३,४००, राख १५ ते २० टक्के
- भाताचा पेंढा : सुमारे ३,५००, राख १२ ते १८ टक्के
- उसाचं चिपाड, गिरणीतून निघतं तसं ५० टक्के ओलं : स्थूल सुमारे २,२५०, निव्वळ १,८०० च्या आसपास

यादी पाहून तूस आणि पेंढा सारखेच वाटतील. दोन्ही एकाच रोपाचे आहेत, राखही जवळपास तेवढीच. पण तुसाच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते आणि पोटॅश कमी, म्हणून ती सहसा वितळत नाही, कोरडीच राहते. तिचा त्रास घासण्याचा : धुराच्या वाटेवरच्या नळ्या आणि आयडी फॅनची (धूर ओढणाऱ्या पंख्याची) पाती ती झिजवते. पेंढ्यात सिलिकेबरोबर पोटॅशियम आणि क्लोरीनही भरपूर असतं. पोटॅशियम आणि सिलिका एकत्र आले की त्यांची संयुगं ७५० ते ८५० अंशांच्या दरम्यानच मऊ पडू लागतात. मग जाळीवर खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचा थर, धरतो. सुरुवातीला तो चकचकीत, काचेसारखा हिरवट-काळा थर असतो आणि सळईने फुटतो. दोन पाळ्या दुर्लक्ष झालं की हवेची भोकं बुजतात, जाळ एका बाजूला सरकतो आणि उरलेली जाळी जास्त तापते. क्लोरीनचं काम यापेक्षा सावकाश चालतं. पोटॅशियम क्लोराइड सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर बसतं आणि त्या थराखालचा धातू पोखरतं. साध्या संतृप्त (आणखी न तापवलेल्या) वाफेच्या बॉयलरला याचा धोका कमी, उच्च दाबावर वीज बनवणाऱ्याला खूप.

डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकापासून काड मोठ्या प्रमाणावर जाळलं जातं. तिथे 'पिवळं काड' आणि 'करडं काड' असा भेद करतात. कापणीनंतर शेतात पावसात भिजून, पुन्हा वाळून करडं पडलेलं काड भट्टीला चांगलं, कारण पोटॅशियम आणि क्लोरीन पाण्यात विरघळून जमिनीत परत गेलेलं असतं. जनावरांना आवडणारं ताजं पिवळंधमक काड भट्टीला तितकं सोसत नाही. म्हणून पुरवठादाराला मालाची हालहवाल विचारताना कापणी कधी झाली आणि नंतर पाऊस लागला का, हेही विचारा.

चाचणीला नमुना पाठवताना 'राख ५५० अंशांवर मोजा' असं स्पष्ट लिहा. घन जैवइंधनांसाठी आयएसओ १८१२२ या आंतरराष्ट्रीय मानकात हेच तापमान आहे. कोळशाच्या पद्धतीने, म्हणजे बऱ्याच जास्त तापमानाला मोजलं तर क्षारांचा काही भाग उडून जातो आणि राख कमी दिसते. राखेचं मऊ पडण्याचं तापमान, क्लोरीन आणि पोटॅशियम या तीन चाचण्याही मागवा. खर्च थोडा असतो आणि यंत्र निवडताना सगळ्यांत जास्त उपयोग यांचाच होतो.

पायरी ३ : ओलावा

याला वेगळी पायरी दिली, कारण पैसा इथेच सर्वांत जास्त बुडतो.

पूर्ण कोरड्या स्थितीत स्थूल ४,२०० किलोकॅलरीचा माल घ्या. त्यात १० टक्के ओल असेल तर निव्वळ सुमारे ३,४४० मिळतात. ३० टक्के ओल असेल तर सुमारे २,५४०. तेवढ्याच वाफेसाठी पहिल्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त जादा माल टाकावा लागतो. पाण्याचं वजन काट्यावर इंधनाच्या भावाने मोजलं जातं, आणि तेच पाणी उडवायला परत इंधन जळतं. शिवाय जाळ थंड पडतो, धूर वाढतो, कार्यक्षमताही उतरते.

पायरी ४ : माल कुठून, किती, आणि काय सोडायचं

जिल्ह्यात इतकी लागवड, म्हणून इतकं अवशेष, असा हिशेब कागदावर भरघोस दिसतो. त्यातून आधी वजाबाकी करा. चाऱ्याला जाणारं काड, कडबा यावर कारखान्याने हात घालू नये. दुष्काळाच्या वर्षी त्याचा भाव आणि त्याभोवतीची नाराजी दोन्ही झेपत नाहीत. जमिनीवर आच्छादन म्हणून आणि कुजून खत म्हणून लागणारा वाटाही सोडा. जी शेतं उताराची किंवा हलकी आहेत तिथला सगळा पाला ओरबाडून नेला तर दोन-चार हंगामांत जमिनीचा कस उतरतो आणि आपलाच पुरवठा आटतो.

पऱ्हाटी यात सोयीची आहे. जनावरं ती फारशी खात नाहीत, लवकर कुजत नाही, आणि तिच्यावर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. म्हणून वेचणी संपताच शेतातून काढावी असा सल्ला कृषितज्ज्ञही देतात. कारखान्याची गरज आणि शेतकऱ्याची गरज इथे एकाच आठवड्यात येते. गिरण्यांतून निघणारं तूस आणि टरफलं त्याहून सोपी, कारण ती आधीच एका जागी गोळा झालेली असतात.

आपल्या उदाहरणात वर्षाला सुमारे २,००० टन लागतात. हेक्टरी दोन टन हाती येतील असं धरलं तर हजार हेक्टर. पण प्रत्येक शेतकरी देणार नाही, प्रत्येक शेतापर्यंत ट्रॉली जाणार नाही. त्यामुळे त्याच्या चार-पाच पट क्षेत्र नजरेत असल्याशिवाय पुढे जाऊ नये. कमीत कमी दोन वेगवेगळ्या पिकांचा माल चालेल अशी तजवीज ठेवा. एक पीक रोगाने गेलं तर बॉयलर बंद पडायला नको.

पायरी ५ : सुटा, गठ्ठे, ब्रिकेट की पेलेट

सुटं काड एका घनमीटरमध्ये ४० ते ८० किलो बसतं. बेलरने बांधलेले गठ्ठे १२० ते २००, ब्रिकेट किंवा पेलेट (दाबून बनवलेल्या बारीक गोळ्या) ६०० ते ७००. सुट्या काडाचा ट्रक काट्यावर येण्याआधीच डोळ्यांना भरलेला दिसतो, पण भाडं जातं ते बहुतांशी हवेचं. शेत जवळ असेल तर गठ्ठे परवडतात. लांबचं अंतर, कमी आवार किंवा लहान बॉयलर असेल तर ब्रिकेट घ्या. पेलेट सर्वांत महाग, पण आपोआप भरणाऱ्या लहान बर्नरला तेच सोयीचे.

स्वतः ब्रिकेट बनवायचे असतील तर कुट्टी केलेल्या मालाची ओल ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान हवी. पिस्टन प्रेसमध्ये दाब आणि घर्षणाच्या उष्णतेने मालातलं लिग्निन मऊ होऊन तेच गोंदाचं काम करतं, वेगळा चिकटवणारा पदार्थ लागत नाही. माल जास्त ओला असला की आत वाफ कोंडते आणि ब्रिकेट तडकून बाहेर पडतात. सिलिकाचा माल असेल तर साच्याच्या झिजेचा खर्च आधीच धरा.

पायरी ६ : करार आणि फाटकावरची तपासणी

भाव टनावर ठरवू नका. ठरावीक ओल आणि ठरावीक राखेवर मूळ भाव धरा, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात आणि एका मर्यादेपलीकडे माल परत, असं कलम घाला. प्रतवारीसाठी आयएसओ १७२२५ ही मालिका आधाराला घेता येते. पैसे लवकर देणं हाही कराराचाच भाग समजा. वेळेवर पैसे मिळणारा पुरवठादार चांगला माल आधी तुमच्याकडे आणतो, हे कोणत्याही दंडाच्या कलमापेक्षा जास्त चालतं.

ट्रक आला की वरचा थर बघून पास करायचा नाही. वरचा थर वाटेत उन्हावाऱ्याने वाळलेला असतो. वर, मधे, खाली, पुढे आणि मागे अशा जागांवरून मूठमूठ माल काढा. मधल्या थरात हात घातल्यावर ऊब लागली आणि आंबूस वास आला तर तो ओला रचलेला माल आहे, ओल मोजायचं मीटर काहीही दाखवो. हाताला बारीक माती लागते का पाहा. शेतातून ओढत आणलेल्या मालात मातीच राख वाढवते आणि खंगरालाही हातभार लावते. सगळे नमुने एकत्र कालवून त्यातला थोडा हवाबंद पिशवीत भरा. ओल काढायची खात्रीची पद्धत म्हणजे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं. हातातलं मीटर रोजच्या कामाला ठीक, पण आठवड्याला एकदा ते ओव्हनशी पडताळून घ्या. वादाच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून अर्धा नमुना पुरवठादाराच्या सहीसह बाजूला ठेवायचा.

पायरी ७ : साठवण

महिन्याचे १७० टन ब्रिकेट सुमारे २८० घनमीटर जागेत मावतात. तेवढंच सुटं काड २,४०० घनमीटर मागतं. माल हंगामाचे तीन महिनेच मिळत असेल तर उरलेल्या नऊ महिन्यांचे सुमारे १,५०० टन कुठेतरी ठेवावे लागतात. गठ्ठ्यांच्या रूपात, पाच मीटर उंचीच्या गंज्या रचल्या तर नुसत्या गंज्यांच्या तळाखाली अर्धा एकर जातो. मधले रस्ते आणि आगीसाठी सोडलेलं अंतर वेगळं. पुष्कळ प्रकल्प या आकड्यावर अडतात, आणि तोपर्यंत बॉयलरची आगाऊ रक्कम गेलेली असते.

म्हणून मुख्य साठा गावोगावच्या लहान गोळाकेंद्रांवर ठेवणं बरं. एका ठिणगीत सगळं जाण्याची भीतीही कमी होते. गंज्या लहान ठेवा आणि त्यांच्यामधून बंब फिरेल इतकी वाट सोडा. ओल २० टक्क्यांच्या वर असलेला माल रचू नका. आत जिवाणूंची वाढ सुरू होते, गंजी आतून तापत जाते आणि कधी बाहेरची ठिणगी नसतानाही पेट घेते. प्रत्येक गंजीत लांब लोखंडी सळई खोचून ठेवायची जुनी पद्धत अजूनही कामाची आहे. रोज सळई ओढून हात लावायचा. चटका बसेल इतकी गरम लागली तर गंजी उकला, पण उकलताना पाण्याचा पाइप हाती ठेवूनच, कारण आत हवा शिरताच जाळ उठू शकतो.

पेलेट बंद सायलोत (उंच कोठीत) ठेवणार असाल तर आत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि ऑक्सिजन घटतो. वायू मोजल्याशिवाय आत माणूस उतरवायचा नाही, कितीही घाई असली तरी.

पायरी ८ : आता बॉयलर

इथवर आलात की विक्रेत्यापुढे चाचणीचे अहवाल ठेवता येतात आणि बोलणं नेमकं होतं.

काडीकचऱ्याचा ६५ ते ७५ टक्के भाग तापल्यावर वायू होऊन वर उडतो आणि जाळीच्या वर, भट्टीच्या पोकळीत जळतो. कोळशात हे प्रमाण त्याहून बरंच कमी असतं. म्हणून भट्टीला उंची हवी आणि वरून जोराने सोडलेली दुय्यम हवा हवी. जुन्या कोळशाच्या बॉयलरमध्ये नुसते ब्रिकेट टाकले की काळा धूर येतो तो याच कारणाने. जुना बॉयलर वापरायचाच असेल तर दुय्यम हवेची व्यवस्था आणि इंधन भरण्याची यंत्रणा बदला, आणि पूर्वीइतकी वाफ मिळेलच असं धरू नका.

ब्रिकेट आणि जाड तुकड्यांना सरकती किंवा मागेपुढे हलणारी जाळी बरी, राख आपोआप पुढे ढकलली जाते. तूस आणि बारीक भुसा फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (खालून हवा सोडून उसळत्या ठेवलेल्या तापल्या वाळूत) छान जळतो. पोटॅशियम जास्त असलेला पेंढा मात्र तिथे वाळूचे कण एकमेकांना चिकटवतो आणि बेड बसतो. गॅसिफायरचा (अपुऱ्या हवेत माल तापवून जळाऊ वायू बनवणाऱ्या यंत्राचा) वायू घनमीटरला १,००० ते १,२०० किलोकॅलरीचा, म्हणजे फिकाच. वायू गरम असतानाच थेट भट्टीत जाळायचा असेल तर तो पर्याय चांगला आहे. इंजिन चालवायचं असेल तर वायूतलं डांबर काढण्यात जीव जातो, अशी माझी धारणा आहे.

भरणीच्या वाटेने जाळ मागे येऊ नये म्हणून रोटरी एअरलॉक (माल सोडताना हवा अडवणारी फिरती झडप) आणि हॉपरवर (माल ओतायच्या नरसाळ्यावर) पाण्याचा फवारा हवाच. जुना गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर निदान पहिलं वर्ष मोडीत काढू नका.

पायरी ९ : चालवणं

पहिले काही महिने एकाच प्रकारचा माल जाळा. सगळं बसलं की दुसरा मिसळा, तोही थोडा थोडा. धुरातला ऑक्सिजन ५ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकी हवा द्या. त्याहून जास्त हवा म्हणजे उष्णता चिमणीतून बाहेर.

वीज गेली की आयडी फॅन थांबतो, पण जाळीवरचा माल वायू सोडतच राहतो. अशा वेळी भट्टीचं दार उघडलं तर ज्वाळा थेट तोंडावर येते. दार बंद ठेवायचं, वीज आल्यावर आधी फॅनने भट्टी आणि धुराची वाट मोकळी करायची, मग भरणी. हे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रत्येक पाळीला करून दाखवायला लावा.

धूळ पकडायला आधी सायक्लोन (धूर गरगर फिरवून जड कण खाली पाडणारं यंत्र), मग बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी). क्रम उलटा नको, ठिणग्या पिशव्यांपर्यंत पोचल्या की पिशव्याच पेटतात.

पायरी १० : राख आणि नोंदी

राख काळी असेल तर तिच्यात न जळलेला कार्बन आहे, म्हणजे हवा किंवा वेळ कमी पडते आहे. पऱ्हाटीसारख्या मालाची स्वच्छ राख शेतात परत देता येते, तिच्यात पोटॅश असतं. कोळशासोबत जाळलेली राख शेतात टाकू नका. तुसाची राख नियंत्रित तापमानाला जळली तर सिमेंट-काँक्रीटमध्ये चालते, पोलाद कारखानेही ती वितळलेल्या धातूवर उष्णतारोधक म्हणून वापरतात. फार तापलेल्या तुसाच्या राखेत स्फटिकरूप सिलिका तयार होते आणि ती फुप्फुसांना घातक असते. म्हणून हाताळताना राख ओली ठेवा, कामगारांना साधा रुमाल नको, योग्य मास्क द्या.

कार्बनचा हिशेब ग्राहक मागतीलच. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या कंपन्यांच्या उत्सर्जनाच्या हिशेबाच्या मानकानुसार जैवइंधन जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड वेगळा दाखवतात, पण त्याच जळणातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्ये, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात, धरावा लागतो. वाहतुकीचं डिझेल आणि ब्रिकेट बनवताना लागलेली वीजही कुठेतरी मोजली जाते. त्यामुळे प्रत्येक ट्रकची काटापावती, ओलीचा आकडा, माल कुठल्या गावातून आला आणि किती अंतरावरून, हे पहिल्या दिवसापासून एकाच वहीत किंवा फाइलमध्ये लिहीत जा. वर्षाअखेरीस हे आकडे पुन्हा जमवता येत नाहीत, आणि लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच मागतो.